घटक ४ : साहस, प्रणय आणि रहस्य – लोकप्रिय कथेचे तीन साचे

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• ‘कथासाचा’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• साहसकथा, प्रणयकथा आणि रहस्यकथा यांच्या रचनेतील मूलभूत फरक सांगता येईल.
• मराठीतील लोकप्रिय कथापरंपरेचा स्थूल आढावा घेता येईल.
• एखाद्या लोकप्रिय कादंबरीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांमध्ये आपण मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहाचा परिचय करून घेतला. आता ज्या पुस्तकांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात सहसा तळटिपेपुरता होतो, त्या पुस्तकांकडे आपण वळणार आहोत. फिरत्या वाचनालयातून एका रात्रीसाठी आणलेली, रेल्वेच्या प्रवासात वाचून संपवलेली, पाने सुटलेली आणि कव्हर हरवलेली ही पुस्तके. आपल्यापैकी अनेकांना वाचनाची गोडी अशाच एखाद्या पुस्तकाने लागली असेल. पदवीच्या वर्गात मात्र ते सांगताना संकोच वाटतो. हा संकोच कोठून आला आणि तो कितपत योग्य आहे, हे तपासणे हाही या घटकाचा एक हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोकप्रिय साहित्याचा अभ्यास करणे म्हणजे त्याची सरसकट भलामण करणे नव्हे आणि त्याला नाके मुरडणे तर नव्हेच. जे साहित्य लक्षावधी लोक वाचतात, ते का वाचतात, त्याची घडण कशी असते आणि ते वाचकाच्या मनात कोणत्या समजुती रुजवते, हे प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजेत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कथासाचा म्हणजे काय?

अमेरिकी अभ्यासक जॉन कावेल्टी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोकप्रिय कथेचा विचार ‘साचा’ या कल्पनेच्या आधारे केला. त्यांच्या ग्रंथाच्या नावातच साहस, रहस्य आणि प्रणय हे तीन शब्द आहेत. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : प्रत्येक साहित्यकृतीत काही संकेत असतात आणि काही नवनिर्मिती असते. वाचकाला आधीपासून ठाऊक असलेले घटक म्हणजे संकेत. लेखकाने नव्याने कल्पिलेले घटक म्हणजे नवनिर्मिती. लोकप्रिय कथेत संकेतांचा वाटा मोठा असतो. नायक अखेरीस वाचणार, प्रेमिक एकत्र येणार, गुन्हेगार पकडला जाणार, हे वाचक पहिल्या पानापासून जाणून असतो.

मग तो पुढे का वाचतो? याचे उत्तर आपल्या परंपरेत शोधणे कठीण नाही. कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे श्रोत्यांना ठाऊकच असते. तरीही श्रोता खिळून राहतो, कारण त्याचे लक्ष ‘काय होणार’ याइतकेच ‘कसे होणार’ याकडे लागलेले असते. ओळखीच्या वाटेवरचे अनोळखी वळण हाच या आनंदाचा उगम आहे. साचा वाचकाला सुरक्षितता देतो आणि त्या सुरक्षिततेच्या आधारे वाचक भय, विरह आणि संशय यांचा अनुभव निर्धास्तपणे घेतो.

कावेल्टी यांनी या तीन साच्यांबरोबर अतिनाट्य आणि परक्या, अमानवी सृष्टीच्या कथा असे आणखी दोन प्रकार मानले आहेत. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा या शेवटच्या प्रकारात बसतात. प्रस्तुत घटकात आपण पहिल्या तीन साच्यांपुरता विचार करू.

४.२.२ मराठीतील पूर्वपीठिका

मराठी कादंबरीचा आरंभच दोन दिशांनी झाला. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पुस्तकाने विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव समोर ठेवले. तर लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांनी अद्भुतरम्य कथेची वाट धरली. या दुसऱ्या वाटेवर साहस, प्रणय आणि रहस्य हे तिन्ही धागे एकत्रच गुंफलेले होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये कादंबरी आणि नाटक यांवर लिहिलेल्या निबंधात अशा लेखनातील अवास्तवतेवर टीका केली. म्हणजेच लोकप्रिय कथेविषयीचा वाद मराठी कादंबरीइतकाच जुना आहे.

पुढे गोविंद नारायण दातार (१८७३–१९४१) यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या कथानकांचा आधार घेऊन वाचकांना झपाटून टाकणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. नाथमाधव, अर्थात द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांची ‘वीरधवल’ १९१३ मध्ये आली आणि पुढील कित्येक पिढ्यांनी ती वाचली. विसाव्या शतकात हे तीन धागे हळूहळू सुटे झाले आणि प्रत्येकाचे स्वतंत्र लेखक, स्वतंत्र मासिके आणि स्वतंत्र वाचकवर्ग निर्माण झाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) संकेत आणि नवनिर्मिती यांतील फरक एका वाक्यात सांगा.
(आ) शेवट ठाऊक असूनही वाचक लोकप्रिय कथा का वाचतो?

४.२.३ तीन साचे, तीन प्रश्न

प्रत्येक साचा वाचकाच्या मनात एक मध्यवर्ती प्रश्न उभा करतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्याचे उत्तर लांबवतो.

साहसकथा विचारते : ‘नायक यातून पार पडेल का?’ येथे गती बाहेरच्या जगात असते. संकट, त्यावर मात, त्याहून मोठे संकट अशी चढती साखळी ही तिची रचना. नायकाची कसोटी शरीराची आणि धैर्याची असते. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश फेणे, म्हणजेच ‘फास्टर फेणे’, हे मराठी बालकुमार साहित्यातील याचे उत्तम उदाहरण आहे. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला हा किडकिडीत मुलगा बळाच्या जोरावर जिंकत नाही. चपळाई आणि प्रसंगावधान ही त्याची शस्त्रे आहेत. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांनी साहसाचा साचा उचलला, पण नायक मात्र या मातीतला घडवला. नवनिर्मिती म्हणतात ती हीच. प्रौढ वाचकांसाठी गुरुनाथ नाईक यांनी ‘कॅप्टन दीप’सारख्या नायकांद्वारे हेरगिरी आणि युद्धभूमीवरील साहसाच्या कथा विपुल लिहिल्या.

प्रणयकथा विचारते : ‘ही दोघे एकत्र येतील का?’ येथील अडथळे दरी-डोंगरांचे नसतात. ते जात, वर्ग, कुटुंबाची प्रतिष्ठा, गैरसमज आणि स्वतःचाच अहंकार यांचे असतात. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी प्रणयकथेला सुबक तंत्राची जोड दिली आणि ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथालेखनाच्या तंत्राची चर्चाही केली. पुढील काळात चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारित ‘दो रास्ते’ (१९६९) हा हिंदी चित्रपट निघाला. मराठी लोकप्रिय कथेचा प्रवास भाषेच्या सीमा ओलांडून कसा होतो, हे यावरून दिसते.

रहस्यकथा विचारते : ‘खरोखर काय घडले?’ त्स्वेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की रहस्यकथेत दोन कथा दडलेल्या असतात : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली कथा पुस्तक सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. दुसरी आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि पहिलीचा उलगडा करते. म्हणून साहसकथा पुढे धावते, तर रहस्यकथा पुढे जाताना सतत मागे पाहते. मराठीत या साच्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे बाबुराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. एक हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचे धनंजय-छोटू, झुंजार आणि काळापहाड हे नायक घरोघरी पोहोचले. यांपैकी धनंजय हा रीतसर गुप्तहेर. तर झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या कडेकडेने चालणारे, पण दुर्बलांच्या बाजूने उभे राहणारे. कायदा आणि न्याय या दोन गोष्टी नेहमी एकच असतात का, हा प्रश्न या नायकांनी सामान्य वाचकापुढे कोणताही तात्त्विक आव न आणता ठेवला.

४.२.४ एक उदाहरण : पवई तलावाकाठची रिकामी होडी

वरील भेद एका कल्पित उदाहरणाने पाहू. स्थळ मात्र खरे आहे : मुंबई उपनगरातील पवई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी व्यापाऱ्याची इस्टेट होती. शहराची पाणीटंचाई भागवण्यासाठी १८९१ च्या सुमारास येथे तलाव बांधण्यात आला. पुढे त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. १९५८ मध्ये तलावाशेजारी भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयटी, स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात दगडाच्या खाणी होत्या त्या डोंगरउतारावर हिरानंदानीचे उंच मनोरे उभे राहिले. तलावाच्या परिसरातच फिल्टरपाड्यासारखी कष्टकऱ्यांची दाट वस्तीही आहे. तलावात मगरी आहेत आणि पावसाळ्यात तो भरून वाहू लागला, की त्याचे पाणी मिठी नदीला मिळते.

आता कल्पना करा : रात्रभर मुसळधार पाऊस पडून पहाटे चारला थांबला आहे. सकाळी सहा वाजता काठावर एक रिकामी, उघडी होडी आढळते.

साहसकथाकार या होडीपासून आरंभ करणार नाही. तो तिच्यापाशी येऊन थांबेल. पाणी चढत असताना पलीकडे अडकलेल्या मुलाला आणण्यासाठी कोणी तरी रात्री होडी लोटली. वल्हे मोडले, मगरीची हालचाल जाणवली, प्रवाहाने होडी सांडव्याकडे ओढली. रिकामी होडी ही येथे संकट टळल्याची खूण ठरेल.

प्रणयकथाकार विचारेल, की या होडीची वाट कोण पाहत होते. तिचे घर मनोऱ्याच्या अठराव्या मजल्यावर, त्याचे फिल्टरपाड्यात. दोन घरांमधले अंतर पायी चालून जाण्याजोगे. पण सामाजिक अंतर त्याहून कितीतरी मोठे. येथे होडी म्हणजे न झालेली भेट. पुढील दोनशे पाने ती भेट घडवून आणण्यात जातील.

रहस्यकथाकार वाकून होडीचा तळ पाहील. तळ कोरडा आहे. रखवालदार सांगतो, की होडी मध्यरात्रीपासून येथेच होती. परंतु पाऊस चारपर्यंत कोसळत होता. उघड्या होडीत पाणी साचायलाच हवे. अर्थात होडी चारनंतर येथे आणली गेली आणि रखवालदाराचे विधान खोटे आहे. तो कोणाला पाठीशी घालतो आहे? कथा सुरू झाली.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली म्हणजे, साचा विषयात नसून लेखक विचारत असलेल्या प्रश्नात असतो. दुसरी म्हणजे, रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. होडीचा कोरडा तळ लेखकाने आपल्याला वेळीच दाखवला. तो लपवून शेवटी अचानक बाहेर काढला असता, तर वाचकाची फसवणूक झाली असती. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले, त्यांचा आशयही हाच : वाचकाला उलगड्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे.

४.२.५ साचा काय सांगतो आणि काय लपवतो?

याच उदाहरणाकडे आता चिकित्सक दृष्टीने पुन्हा पाहा. रहस्यकथेत पहिला संशयित म्हणून आपण रखवालदाराला उभे केले. ते आपल्याला खटकले का? न खटकण्याचाच संभव अधिक. कारण नोकर, रखवालदार, वस्तीतला तरुण यांच्याकडे बोट दाखवणे हा या साच्याचा जुना संकेत आहे. प्रणयकथेत आपण तिला मनोऱ्यात आणि त्याला वस्तीत ठेवले. शेवट गोड व्हावा म्हणून बहुतेक लेखक त्याला अचानक श्रीमंत करतील किंवा तो मुळात मोठ्या घरचाच होता, असे रहस्य उघड करतील. म्हणजे प्रेम जिंकले, पण भिंत तशीच राहिली. साहसकथेत धाडस करणारा बहुधा पुरुष असेल आणि वाट पाहणारी स्त्री.

साचा वाचकाला आनंद देतो, त्याच वेळी समाजात आधीच रुजलेल्या समजुती न कळत पक्क्या करतो. म्हणूनच लोकप्रिय कथा गांभीर्याने वाचण्याची गरज आहे. आपल्या शेजाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावर या कथांचा परिणाम होत असतो.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात प्रणयकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून त्यांच्या वाचनाचा अर्थ लावला. घरच्या सर्वांसाठी सतत राबणाऱ्या या स्त्रियांसाठी पुस्तक हाती घेणे म्हणजे केवळ स्वतःसाठी राखलेला वेळ होता. कथेचा आशय रूढ असेल. पण वाचण्याची कृती ही लहानशी मोकळीक होती. दुपारची भांडी आवरल्यावर वाचनालयाची कादंबरी घेऊन खिडकीपाशी बसणारी मराठी गृहिणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या वाचनाला ‘वेळ घालवणे’ म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा.

४.२.६ श्लीलतेचा प्रश्न आणि ‘श्यामा’ खटला

लोकप्रिय साहित्याला केवळ टीकेलाच नव्हे, तर कायद्यालाही तोंड द्यावे लागले. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. ती अश्लील असल्याच्या आरोपावरून भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने ही कथा अश्लील नसल्याचा निर्णय देऊन लेखकाला दोषमुक्त केले. कृतीचा विचार समग्रपणे करावा आणि समाजाच्या बदलत्या धारणाही लक्षात घ्याव्यात, ही भूमिका या निर्णयात दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून पुढील बोध घेता येईल. कथा साधारण आहे की श्रेष्ठ, हा एक प्रश्न. ती लिहिण्याचा आणि वाचण्याचा अधिकार आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. सामान्य प्रतीच्या प्रणयकथेलाही कायद्याचे संरक्षण मिळते, तेव्हा ते गंभीर साहित्यालाही उपयोगी पडते.

४.२.७ मूल्यमापनाचे निकष

लोकप्रिय कादंबरीवर लिहिताना विद्यार्थी सहसा दोन चुका करतात : तिला गंभीर कादंबरीचे निकष जसेच्या तसे लावतात किंवा ‘केवळ करमणूक’ म्हणून कोणतेच निकष लावत नाहीत. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत :

१. ही कृती कोणता मध्यवर्ती प्रश्न उभा करते आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे देते का?
२. साच्यातील संकेत कोणते आणि लेखकाची स्वतःची भर कोणती?
३. स्थळ, भाषा आणि पात्रे या मातीतली आहेत, की परक्या कथेवर केवळ मराठी नावे चढवली आहेत?
४. संशय कोणावर घेतला जातो, कोणाचे प्रेम यशस्वी होते, कोणाचे धाडस कौतुकास पात्र ठरते?
५. साचा कोठे मोडला आहे काय? मोडला असल्यास त्याने काय साधले?

पाचवा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी रहस्य आणि साहसकथा विपुल लिहिल्या; पण महाविद्यालयीन जीवनावरील ‘दुनियादारी’मध्ये त्यांनी प्रणयकथेच्या गोड शेवटाचा संकेत नाकारला. तरुण वाचकांच्या पिढ्यांनी ती कादंबरी आपली मानली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत रहस्याचा पूर्ण उलगडा न होणे हेच अनेकदा कथेचे सामर्थ्य ठरते. साचा नीट अवगत असलेला लेखकच तो अर्थपूर्ण रीतीने मोडू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) रहस्यकथेत कोणत्या दोन कथा असतात?
(आ) पवईच्या उदाहरणात रखवालदाराचे विधान खोटे का ठरते?

४.३ सारांश

लोकप्रिय कथा संकेतांच्या आधारे उभी राहते. साहसकथा पार पडण्याचा, प्रणयकथा एकत्र येण्याचा आणि रहस्यकथा सत्य उलगडण्याचा प्रश्न मध्यवर्ती ठेवते. मराठीत हे तिन्ही धागे अद्भुतरम्य कादंबरीत एकत्र होते. विसाव्या शतकात ते स्वतंत्रपणे विकसित झाले. या कथा वाचकाला आनंद आणि मोकळीक देतात, तशाच समाजातील पूर्वग्रहही पुढे चालवतात. म्हणून त्या आस्थेने आणि चिकित्सेने, अशा दोन्ही वृत्तींनी वाचाव्यात. आपले आवडते पुस्तक लपवू नये. ते आपल्याला का आवडले, हे नेमकेपणाने सांगता यावे, हीच अभ्यासाची खरी सुरुवात होय.

४.४ पारिभाषिक शब्द

कथासाचा : कथानकाची वारंवार आढळणारी, वाचकाला परिचित असलेली रचना.
संकेत : लेखक आणि वाचक यांना आधीच मान्य असलेला घटक.
अद्भुतरम्य : असंभाव्य, पण मनोवेधक घटनांनी युक्त.
रहस्यभेद : दडवलेल्या सत्याचा उलगडा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) संकेत वाचकाला पूर्वपरिचित असतात, तर नवनिर्मिती ही लेखकाची स्वतंत्र भर असते. (आ) शेवट कोणता, यापेक्षा तो कसा घडून येतो, याची उत्कंठा असते म्हणून.
प्रश्न २ : (अ) गुन्ह्याची आणि तपासाची. (आ) पाऊस पहाटे चारपर्यंत पडत असूनही उघड्या होडीचा तळ कोरडा होता. म्हणजे होडी मध्यरात्री तेथे नव्हती.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. साहसकथा आणि रहस्यकथा यांच्या रचनेची तुलना करा.
२. ‘लोकप्रिय कथा समाजातील समजुती पक्क्या करते.’ या विधानाची उदाहरणांसह चर्चा करा.
३. आपण वाचलेल्या एका लोकप्रिय कादंबरीचे ४.२.७ मधील पाच प्रश्नांच्या आधारे परीक्षण करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयास भेट द्या. तेथील सर्वांत जास्त हाताळलेली, पुन्हा पुन्हा बांधणी करावी लागलेली पाच मराठी पुस्तके पाहा आणि ती कोणत्या साच्यात बसतात, याची नोंद करा. त्यांपैकी एक पुस्तक घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला दाखवून त्यांच्या वाचनाच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यानंतर आपल्या परिसरातील एखादे स्थळ निवडून, पवईच्या उदाहरणाप्रमाणे, एकाच घटनेवर आधारित तीन कथांचे आराखडे प्रत्येकी दहा ओळींत तयार करा.